म्यानाच्या टोकावरचा ससाणा

तलवारीचं बहुतेक आयुष्य म्यानात जातं. लढाई कधीतरी, वर्षानुवर्षांत एखादी. बाकीचे सगळे दिवस ती कमरेला लटकलेली असते, बाकाला टेकवलेली असते, नाहीतर खुंटीवर टांगलेली. व्हायकिंगांच्या काळात, म्हणजे आठव्या शतकाच्या अखेरीपासून अकराव्या शतकाच्या मध्यापर्यंत, बाजारात भेटलेल्या व्यापाऱ्याला किंवा मेजवानीत समोर बसलेल्या पाहुण्याला एखाद्याची तलवार दिसायची ती मूठ आणि म्यान एवढीच. पातं पाहण्याची वेळ येऊ नये अशीच बहुतेकांची इच्छा असणार. आपण मात्र आज व्हायकिंग तलवार म्हटलं की पात्यावरच बोलतो. पोलाद कुठलं, पीळ कसे दिलेत, मधल्या खोबणीत ‘उल्फबेर्त’ ही अक्षरं जडवली आहेत का. संग्रहालयातही पातं मधोमध, छान उजेडात. आणि कोपऱ्यात, एका ओळीच्या चिठ्ठीसह, हिरवट पडलेला बोटभर तुकडा. तो तुकडा म्हणजे म्यानाच्या टोकाची टोपी. आपल्याकडे म्यानाच्या तोंडाशी बसवतात ती मोहनाळ आणि टोकाशी बसवतात ती तहनाळ. हे शब्द तयारच आहेत, म्हणून मी तेच वापरते.

गेली काही वर्षं मी नोकरीमुळे स्टॉकहोममध्ये राहते आणि तिथल्या इतिहास संग्रहालयात मनाला येईल तेव्हा जाते. तलवारी पाहून झाल्यावर त्या हिरवट तुकड्यांपाशी थांबायची सवय कधी लागली ते आठवत नाही. आता मात्र मी आधी तिकडेच जाते.

व्हायकिंग म्यान बनायचं ते असं. लाकडाच्या दोन पातळ फळ्या, पात्याच्या मापानं आतून कोरलेल्या. त्यांना आतून बऱ्याचदा लोकरीचं किंवा केसाळ कातड्याचं अस्तर. मेंढीच्या लोकरीत मुळातच तेलकटपणा असतो, त्यामुळे लोखंडाला गंज चढायला वेळ लागतो, आणि पातं आत खुळखुळतही नाही. फळ्या जोडून त्यावर कधी कापडाच्या पट्ट्या आवळून गुंडाळायच्या आणि सगळ्यात वर चामडं, ओलं असतानाच ताणून शिवलेलं, म्हणजे सुकताना ते आपोआप घट्ट बसतं. हे सगळं डाव्या बाजूला, पट्ट्याला लटकवलेलं. चालताना टोक तिरकं मागे जातं आणि दिसेल त्याला लागतं: जहाजातल्या आडव्या फळीला, दाराच्या उंबऱ्याला, दगडाला. चिखल आणि दव सगळ्यात आधी टोकालाच भेटतात. तिथलं चामडं फाटलं, शिवण उसवली की आतली फळी फाकते आणि पात्याचं टोक बाहेर डोकावतं. म्हणून टोकाला टोपी हवी.

नुसती गरज भागवायची तर चामड्याचा दुहेरी तुकडा पुरेसा होता, आणि बहुतेकांनी त्यावरच भागवलं असावं. नॉर्वेत व्हायकिंग काळातल्या तलवारी हजारोंनी सापडल्या आहेत. ओतीव धातूची तहनाळ मात्र त्यांतल्या फार थोड्यांबरोबर मिळते. म्हणजे ज्यानं ती लावली त्यानं ती मुद्दाम लावली. सगळ्यात आधी चिखलात बुडणाऱ्या, सगळ्यात जास्त आपटणाऱ्या जागी त्यानं सगळ्यात नाजूक जाळीकाम बसवलं. मला या तुकड्यांनी धरून ठेवलं ते इथेच.

आणि मग सगळं म्यान मातीत गेलं. लाकूड, लोकर, कापड, चामडं हजार वर्षं टिकत नाही. डब्लिन आणि यॉर्कच्या पाणथळ, हवा न शिरणाऱ्या जमिनीत चामड्याची म्यानं टिकली, पण ती भाग्यवान अपवाद. इतर ठिकाणी उरते ती तहनाळ. गंमत अशी की ती एकटी उरत नाही. तांबं गंजताना जे क्षार सोडतं ते बुरशीला आणि जंतूंना मारक असतात, त्यामुळे तहनाळीच्या पोटात, अगदी टोकाशी, कधीकधी लाकडाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, चामड्याची कड, अस्तराचे चार केस तगून राहतात. जिनं म्यानाचं टोक चिखलापासून राखायचं, ती तेच काम हजार वर्षं करत राहते. पात्याच्या बाजूला लोखंडाचा गंज लाकडात झिरपून त्याचा दगडासारखा ठसा बनवतो. क्ष-किरण आणि सूक्ष्मदर्शक वापरून त्या ठशावरून झाड कुठलं तेही ओळखता येतं. व्हायकिंग म्यानाबद्दल आपल्याला जे काही ठाऊक आहे त्यातला मोठा भाग अशा टोकांमधून आणि गंजांमधून गोळा झालेला आहे.

मला सगळ्यात जवळची वाटते ती ससाण्याची तहनाळ. दहाव्या शतकातली, तांब्याच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली. पहिल्या नजरेला नुसती वेलबुट्टी वाटते, आरपार जाळी. जरा थांबून पाहिलं की जाळीतून पक्षी वर येतो. पंख दोन्हीकडे पसरलेले, आणि ते पंखच पुढे तहनाळीची कड होतात. पक्षी कुठे संपला आणि चौकट कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही. पंखांवर बारीक समांतर रेघा. जाळीच्या भोकांतून आज काचपेटीचं कापड दिसतं. त्या काळी मागचं चामडं दिसत असणार, काळं किंवा तांबडं रंगवलेलं, आणि त्यावर नवा धातू सोन्यासारखा पिवळा. मी नेहमी पाहते तिची एक कड दुसऱ्या कडेपेक्षा जास्त गुळगुळीत आहे, रेघा जवळजवळ पुसल्या आहेत. ती झीज मातीत झाली की माणसाच्या अंगाला घासून, हे मी ठरवू शकत नाही. तरी माझं मन दुसऱ्या बाजूनंच झुकतं.

अशा तहनाळी जिथे सापडल्या त्यांतलं सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण बिर्का. स्टॉकहोमहून बोटीनं पश्चिमेला मेलारेन सरोवरात गेलं की ब्योर्को नावाचं बेट लागतं. तिथे आठव्या शतकाच्या मध्यापासून साधारण ९७५ पर्यंत हे व्यापारी गाव नांदलं. आज तिथे कुरणं आहेत, मेंढ्या आहेत आणि गवताखाली दडलेल्या थडग्यांचे उंचवटेच उंचवटे. १८७१ साली यालमार स्टोल्पे इथे आला तो राळेच्या खड्यांत अडकलेले किडे शोधायला, कारण तो मुळात कीटकांचा अभ्यासक. किड्यांऐवजी त्याला अख्खं गाव सापडलं. त्यानं पुढे दोन दशकांहून अधिक काळ तिथे खोदकाम केलं, सुमारे ११०० थडगी उघडली आणि त्यांतली वस्तू-वस्तू कुठे होती ते चौकटीच्या कागदावर काढून ठेवलं. ते कागद आजही कामाला येतात. कीटकशास्त्रज्ञाची नजर लहान गोष्टीला लहान समजत नाही, हे बिर्काचं नशीब.

गावाशेजारी टेकडीवर तट आहे, आणि तटाखालच्या उतारावर सैनिकांची वस्ती होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे पुन्हा मोठं उत्खनन झालं. बाणांची टोकं, सुऱ्या, कुलुपं, कंगवे, पूर्वेकडच्या धाटणीच्या चिलखताच्या लोखंडी पट्ट्या असं काय काय निघालं. पिढ्यानपिढ्या शस्त्रावर जगणाऱ्या माणसांची ही छावणी होती. शार्लोत्त हेडेनशेर्ना-यॉन्सन या पुरातत्त्वज्ञ बाईंनी बिर्काच्या या योद्ध्यांचा सविस्तर अभ्यास केला, आणि २००२ मध्ये त्यांनी याच तहनाळींवर एक निबंध लिहिला. तहनाळींची वर्गवारी त्याआधीही झाली होती; १९५३ साली पीटर पाउलसेननं व्हायकिंग काळातल्या तहनाळींवर जर्मनमध्ये अख्खं पुस्तक लिहिलं होतं. बाईंनी विचारलेला प्रश्न वेगळा: कुठली नक्षी कुठे सापडते, आणि त्याच ठिकाणी का?

ससाणा सापडतो तो पूर्वेकडे. मध्य स्वीडन, बाल्टिक समुद्राभोवतीचे किनारे, आणि तिथून नद्यांच्या वाटेनं आत, आजच्या रशियातल्या स्मोलेन्स्कजवळच्या ग्नेझ्दोवोसारख्या रूस वस्त्यांपर्यंत. रूस म्हणजे उत्तरेकडून येऊन तिकडे वसलेले व्यापारी-योद्धे. हीच ती वाट, जिच्यावरून उत्तरेकडची माणसं कातडी आणि गुलाम घेऊन खाली जायची आणि चांदीची अरबी नाणी घेऊन परत यायची. डेन्मार्कच्या राजवटीशी जोडल्या गेलेल्या येलिंग शैलीतला प्राणी वेगळा: फितीसारखं लांब अंग, दुहेरी रेघांची कड, मांडीशी गोल वळसा, स्वतःलाच विळखा घातलेला. त्या शैलीतली जाळीदार तहनाळ इंग्लंडात यॉर्कच्या कॉपरगेटला निघाली, आणि तशा आइसलँडच्या थडग्यांतही मिळाल्या. हेडेनशेर्ना-यॉन्सन यांचं म्हणणं असं की हा निव्वळ आवडीनिवडीचा फरक नाही. कोण कुणाच्या बाजूचा, कुणाच्या पदरी आहे, याचा हा नकाशा आहे. ससाणा हा बिर्काच्या आणि रूस मुलखाच्या योद्ध्यांमधला दुवा. कीवच्या व्लादिमिरच्या नाण्यांवर जो त्रिशूळ दिसतो आणि जो आज युक्रेनच्या राजचिन्हात आहे, त्यातही काही अभ्यासकांना झेपावणारा ससाणा दिसतो. त्रिशुळाबद्दल वाद आहे आणि तो मिटेल असं वाटत नाही.

वस्तू फिरतात, हा आक्षेप यावर लगेच येतो आणि तो रास्त आहे. तलवार लुटली जाते, विकली जाते, बापाकडून मुलाकडे येते, जुगारात हरली जाते. थडग्यात ससाणा सापडला म्हणून आत झोपलेला माणूस बिर्काचा होता असं होत नाही. तरीही मी या मांडणीच्या बाजूची आहे, आणि त्याचं कारण पात्यात दडलेलं आहे.

उत्तम पाती बहुतेक करून बाहेरून यायची, ऱ्हाईन नदीकाठच्या फ्रँक लोहारांकडून, म्हणजे आजच्या फ्रान्स-जर्मनीतल्या फ्रँक राज्यातून. उल्फबेर्त हे नावही तिकडचंच. ९२२ साली बगदादच्या खलिफाचा दूत इब्न फदलान व्होल्गाकाठी रूस लोकांना भेटला, त्यानंही त्यांच्या तलवारी रुंद, खोबणीच्या आणि फ्रँक धाटणीच्या असल्याचं नोंदवलं आहे. फ्रँक राजांना हा व्यापार इतका जाचत होता की ८६४ मध्ये टकल्या चार्ल्सनं पीत्रच्या फर्मानात उत्तरेकडच्या लोकांना शस्त्रं विकणाऱ्याला थेट मृत्युदंड ठेवला. त्यानं व्यापार थांबला नाही. म्हणजे गाठीला चांदी असेल त्याला पातं मिळत होतं, शत्रूच्या कमरेलाही आपल्याच लोहाराचं पातं असू शकत होतं. पात्यावरून माणूस कुणाचा ते कळायची सोयच नव्हती. म्यान मात्र घरी बनायचं. परक्या पात्याला आपलं करण्याची जागा म्यानावर होती, आणि कायमची दिसेल अशी जागा तोंडाशी नाहीतर टोकाशी. मूठ हातानं आणि अंगरख्यानं झाकली जाते. टोक मागे लोंबतं, मागून चालणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. जहाजावर चढताना, दिवाणखान्यात शिरताना, मागच्या माणसाला पुढच्याचा ससाणा दिसत होता.

तलवार देणं-घेणं हे त्या जगात नातं जोडणं होतं, आणि त्याची एक गोष्ट मला फार आवडते. ती तेराव्या शतकात स्नोरी स्टुर्लुसननं ‘हाइमस्क्रिंग्ला’ या नॉर्वेच्या राजांच्या बखरीत लिहून ठेवली. इंग्लंडच्या अॅथेलस्तान राजानं नॉर्वेच्या हाराल्ड राजाकडे दूत पाठवला, बरोबर एक तलवार. मुठीवर सोनं, आणि सगळा साज सोन्याचांदीनं मढवून रत्नं जडवलेला. दूतानं मूठ राजापुढे केली. हाराल्डनं मूठ धरली आणि दूत म्हणाला, आमच्या राजाची इच्छा होती तशीच तुम्ही ही तलवार स्वीकारलीत, आता तुम्ही त्याचे चाकर झालात. हाराल्ड भडकला, पण दूताला मारलं तर आपलीच शोभा, हे ओळखून गप्प राहिला. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं आपला धाकटा मुलगा होकॉन इंग्लंडला धाडला आणि हाराल्डच्या दूतानं तो पोर थेट अॅथेलस्तानच्या मांडीवर बसवला. दुसऱ्याचं मूल मांडीवर घेऊन वाढवणारा खालच्या पायरीचा, असा तिकडचा रिवाज. गोष्ट तीनशे वर्षांनी लिहिलेली आहे, तशीच घडली असेल असं मी मानत नाही. पण ऐकणाऱ्यांना ती पटत होती. सजवलेली तलवार हातात घेणं म्हणजे देणाऱ्याशी बांधलं जाणं, हे त्यांना समजावून सांगावं लागत नव्हतं. म्हणून एखाद्याला ससाणा भेट मिळाला असेल, लग्नात आला असेल, बापाकडून आला असेल, तरी त्यातून नातंच उरतं. लुटलेल्या तहनाळीचं काय, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो, आणि तो तसाच राहू द्यावा.

हे करणाऱ्या ओताऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याचं नाव कुणी कोरलं नाही. बिर्काच्या काळ्या मातीतल्या खोदकामात कांस्य ओतण्याची जागा मिळाली आहे: मुशींचे तुकडे, धातूचे ओघळ आणि फुटक्या मातीच्या साच्यांचा खच. मूळ नमुना मेणाचा, लाकडाचा किंवा शिशाचा. तो ओल्या मातीत दाबून साच्याचे दोन अर्धे करायचे, सुकवायचे, जोडायचे. तहनाळ आतून पोकळ असते, म्हणून मधे मातीचाच गाभा बसवावा लागतो. तो केसभर जरी सरकला तरी एक भिंत जाड आणि दुसरी कागदासारखी होते. भट्टीत मूस लाल झाली की धातू एका दमात ओतायचा. तो थांबला, गार झाला, की जाळीच्या अरुंद गल्ल्यांत पोहोचतच नाही आणि पक्ष्याला एकच पंख येतो. मग साचा फोडायचा. फोडल्याशिवाय वस्तू बाहेर येत नाही, म्हणून प्रत्येक तहनाळीमागे एक फुटका साचा आहे. पुढे कानस, छोटी छिन्नी, घासकाम. कुणाला परवडलं तर पाऱ्याबरोबर सोनं कालवून मुलामा. शेवटी म्यानाच्या टोकावर चढवून एखाद्या खिळ्यानं पक्की करायची. एकाच नमुन्यावरून अनेक साचे काढता येत, म्हणून ससाणे एकमेकांचे भाऊ दिसतात. हुबेहूब जुळे मात्र सहसा नसतात, कारण हातानं केलेलं शेवटचं काम प्रत्येकावर निराळं उतरतं. लोहारांच्या तलवारींवर अख्खी दालनं आहेत. ओताऱ्याच्या वाट्याला तेवढा उजेड आला नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं.

तलवारीच्या साजातल्या काही वस्तू तर तलवार सोडून भलतीकडेच गेल्या. फ्रँक योद्ध्यांच्या तलवारीच्या पट्ट्यावर तीन पट्टे जुळतात तिथे एक तीन पाकळ्यांचं धातूचं फूल असायचं. लुटीत, खंडणीत किंवा भेटीत ते उत्तरेत आलं आणि बायकांनी ते उचललं. मागे टाचणी लावली की शालीवरची पिन तयार. नॉर्वेत होएन इथे १८३४ मध्ये सापडलेल्या सोन्याच्या ठेव्यात असंच एक मोठं, सोन्याचं फूल आहे, फ्रँक दरबारी कारागिरीचं. पुढे स्थानिक ओताऱ्यांनी तोच आकार घेऊन बायकांसाठी खास पिना ओतल्या, आणि त्या घालणाऱ्या कित्येकींना हा आकार मुळात तलवारीच्या पट्ट्यावरचा हे माहीतही नसेल.

व्हायकिंगांची नसलेली, पण त्यांच्या काळाच्या उंबऱ्यावरची एक जोडी इथे आणल्याशिवाय राहवत नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंडमधल्या सेंट निनियन्स आइल या बेटावर १९५८ साली पडक्या चर्चच्या उत्खननात एका शाळकरी मुलाला फरशीखाली चांदीचा ठेवा मिळाला. २८ चांदीच्या वस्तू आणि त्यांच्याबरोबर शिंशुमार या सागरी सस्तन प्राण्याच्या जबड्याचं एक हाड. वस्तू पिक्ट, म्हणजे त्या काळी उत्तर स्कॉटलंडात राहणाऱ्या लोकांच्या, साधारण ८०० च्या आसपासच्या, आणि व्हायकिंगांच्या धाडींच्या भीतीनं पुरल्या असाव्यात असा तर्क आहे. त्यांत चांदीच्या दोन तहनाळी आहेत, घोड्याच्या नालाच्या आकाराच्या, आणि त्यांच्या टोकांना दात दाखवणारी प्राण्यांची तोंडं. एकीवर लॅटिन अक्षरं आहेत: एका बाजूला देवाच्या नावाचा उच्चार, दुसऱ्या बाजूला ज्याचं वाचन अजून भांडणाचा विषय आहे असं काहीतरी, बहुधा कुणाचं तरी नाव. तलवार नाही, म्यान नाही, माणूस नाही. देवाचं नाव चिखलाजवळ, टोकावर लिहिणारी माणसं मात्र त्यातून समोर उभी राहतात.

अलीकडे बऱ्याच तहनाळी धातुशोधक यंत्र घेऊन शेतांत हिंडणाऱ्यांना मिळतात. डेन्मार्कमध्ये कायद्यानं त्या सरकारजमा होतात आणि शोधणाऱ्याला मोबदला मिळतो. ही पद्धत मला आदर्श वाटते. कारण शेतात एकटी सापडलेली तहनाळ म्हणजे बहुधा वापरता वापरता निखळून पडलेली तहनाळ. चामडं आक्रसलं, खिळा सैल झाला, कुठेतरी चिखलात टोक रुतलं आणि मालक पुढे गेला. थडग्यात ठेवलेली वस्तू आपल्याला समारंभ सांगते, हरवलेली वस्तू रोजचं चालणं सांगते, आणि ते कुठल्या शेतात, कुठल्या रस्त्यालगत घडलं याची नोंद असेल तरच. शोधून काढल्यावर ती घासून चकचकीत करणारे, विकायला ठेवणारे हौशी लोक आतला लाकडाचा आणि केसांचा गाळ पाण्यानं धुऊन टाकतात. ते पाहवत नाही. धातू तसाही टिकणार होता, मौल्यवान तो गाळच होता.

म्हणून संग्रहालयांकडे माझं एक मागणं आहे. तहनाळ नेहमी नक्षी वर करून, सपाट मांडून ठेवतात. ती उभी ठेवा, तोंड पाहणाऱ्याकडे करून, खाली एक आरसा आणि आत एक बारीक दिवा. शेजारी क्ष-किरणांचं चित्र लावा. ससाणा आरशात दिसेलच, आणि त्याच्या पाठीशी चिकटलेली लाकडाची कड, चामड्याचा पापुद्रा, अस्तराचे चार केसही दिसतील. फळी कोरणाऱ्याचं, चामडं ताणून शिवणाऱ्याचं आणि मेंढी कातरणाऱ्या बाईचं काम एकाच काचेमागे.